वर्गणीदारांचे खण

अंकाचं नाव 'ला नावेत'. नावेत म्हणजे धोटा,
मागातला, इकडून तिकडे पळणारा.
ल्योंच्या चढावर, रेशीम विणणाऱ्यांच्या वस्तीत,
जिथं छतं उंच, कारण माग उंच होते,
तिथं तेवीस साली आन्सेल्म विरियो नावाच्या छापखानेवाल्यानं
बायकोच्या माहेरच्या पैशांतून पहिला अंक काढला.
दोनशे प्रती. त्यातल्या एकशे चाळीस
पलंगाखालीच राहिल्या, असं त्याची मुलगी सांगायची.

मी कधी कविता लिहिली नाही.
मी पत्ते लिहिले.
एकोणसत्तरला कामावर लागले तेव्हा मार्त विरियोनं
मला चार लाकडी खण ओढून दाखवले,
म्हणाली, नियतकालिक इथं राहतं.
वर संपादक बसतात.

कार्डावर नाव, गाव, वर्गणी.
पाठीमागे कुणाकुणाच्या हातची टिपणं:
'आर्देशचे शिक्षक. पैशांऐवजी चेस्टनट. स्वीकारावेत.'
'केरुएलबाई, ब्रेस्त. अंक भिजून पोचला, दुसरा पाठवला. तोही भिजला.'
'हे गृहस्थ स्वल्पविरामावरून भांडून गेले.'
खाली, वेगळ्या शाईत: 'परत आले.'

बेचाळीसच्या शरदात सेन्सॉरनं एक कविता काढायला लावली.
मार्तनं ती जागा भरली नाही,
खाली फक्त पानाचा आकडा ठेवला.
ग्रनोब्लहून पत्र आलं: सतरावं पान कोरं निघालं, अंक बदलून द्यावा.
तिनं कळवलं: सगळ्यांचं कोरंच आहे.

आणि त्याच हिवाळ्यातली ती एकतीस कार्डं,
एकामागे एक, तेच शाळकरी वळण,
'पत्ता न ठेवता गेले.'
'पत्ता न ठेवता गेले.'
'पत्ता न ठेवता गेले, मुलांसह.'

त्यांचे अंक ती बाजूला काढत राहिली,
प्रत्येक तिमाहीला एकतीस,
कच्च्या रेशमाच्या दोऱ्यानं बांधून तळघरात.
धोटा सुटला की पलीकडे हात लागतो, नाहीतर तो जमिनीवर पडतो,
एवढंच ती म्हणाली. मी पुढं विचारलं नाही.
लढाईनंतर चार जण आले.
त्यांतला एक, टोप्या शिवणारा, दारातच उभा राहिला,
खिशातल्या चाकूनं न फाडलेली पानं फाडत,
एक अंक संपेपर्यंत.
मग विचारलं, वर्गणी किती थकलीय?

अल्जीरियावरून मंडळ फुटलं तेव्हा
दोन संपादक एकाच टेबलाशी बसून
एकमेकांना पोस्टानं पत्रं लिहायचे.
ओरानहून अंक परत येऊ लागले, गठ्ठ्यानं,
'नको' असं लिहून.
दोन वर्षांनी तीच नावं, पत्ते नवे:
तुलों, मार्सेय, कुणाकुणाची वसाहत, सातवा मजला.
अंक पाठवावा, अशी विनंती.
त्यांच्या कार्डांवर कुणीच काही लिहिलेलं नाही.

पुढं संगणक आला. कुठल्याशा भाच्यानं
सगळी नावं दोन दिवसांत आत घातली.
पाठी राहिल्या.

आता छपाईहून टपालखर्च जास्त.
अनुदान कधीच आटलं, वर्गणीदार दोनशे बारा,
त्यातले नऊ वारले आहेत आणि मला ते माहीत आहे,
पण त्यांच्या बायका वाचतात.
तीनशे एकाहत्तरावा अंक शेवटचा.
महापालिकेच्या वाचनालयानं सगळे अंक नेले, हातमोजे घालून.
खण नकोत म्हणाले. जागा नाही.

काल एक पाकीट आलं,
साँतेत्येनची बसचालक, नाव यामिना सेगीर,
कुणाच्या तरी सीटवर राहिलेला अंक तिनं वाचला,
दोन वर्षांचा धनादेश जोडलाय.

पैसे परत पाठवायचे, हे उघड आहे.
मी तसं पत्र लिहायला घेतलं,
'मादाम' लिहिलं, स्वल्पविराम दिला,
आणि उठून तिसरा खण ओढला,
तो नेहमीसारखा अडकला,
गुडघा लावून ओढला.
कोरी कार्डं अजून बरीच आहेत.